सनस्क्रीनमधली रसायनं रक्तात जातात म्हणे. मग ट्यूब फेकायची का?

मोरपीस७

मंडळी, डोकं भंडावून गेलंय म्हणून धागा काढतेय. याच विषयावर आधी धागा असेल तर दुवा द्या, मला शोधून सापडला नाही.

लेक तेरा वर्षांची, पोहते. हौसेपुरतं नव्हे, स्पर्धांसाठी. म्हणजे रोज दोन तास उघड्या तलावात. गेली दोन वर्षं एक साधं सनस्क्रीन लावत होती, विनातक्रार. मागच्या महिन्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर निरोप आला : 'केमिकल सनस्क्रीन रक्तात उतरतं, हार्मोन्स बिघडवतं, वयात येणाऱ्या मुलींना तर अजिबात लावू नका.' सोबत जीभ अडखळेल अशा नावांची यादी. ट्यूब उलटी करून पाहिली तर यादीतली तीन नावं हजर! घाबरून ट्यूब कचऱ्यात टाकली आणि झिंकवालं आणलं. ते लावलं की पोरगी चुना फासलेल्या भिंतीसारखी दिसते. दोन दिवस लावलं. तिसऱ्या दिवशी मैत्रिणी 'भूत आलं' म्हणाल्या. तेव्हापासून काहीच न लावता जाते. काल पाहिलं तर खांद्यांची कातडी सोलवटलेली.

रक्तात जातं हे खरं आहे का? खरं असेल तर इतकी वर्षं विकू कसं देतात? आणि माझ्यापुरता प्रश्न : उद्या तिला काय लावून पाठवू?

वायफळ

नातेवाइकांच्या ग्रुपवर आलं म्हणजे विषय संपला. तिथल्या संशोधनाची तपासणी पहाटेच होते, सुप्रभातच्या गुलाबाबरोबर. (हलके घ्या.)

रात्रपाळी

वाचनखूण साठवली. आमच्या घरीही हाच वाद चालू आहे.

गाजरपारखी

मी दहा वर्षांत अंगाला एकही केमिकल लावलेलं नाही. गाजराच्या बियांच्या तेलाला एसपीएफ ४० असतो. रास्पबेरीच्या बियांच्या तेलालाही जवळपास तेवढाच. ताई, मुलीला ते लावा. निसर्गात सगळं आहे, आपणच कंपन्यांच्या नादी लागलोय.

बाष्प

क्रीम-लोशनं बनवणाऱ्या प्रयोगशाळेत पंधराएक वर्षं काढली आहेत, त्यामुळे जरा लांबण लागेल. (आता तिथे नाही. कुणाचं मीठ खाऊन बोलत नाहीये.)

हो, रक्तात जातं. ही अफवा नव्हे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्याच संशोधकांनी २०१९ मध्ये हे तपासून छापलं. २४ निरोगी माणसं, अंगाच्या ७५% भागावर सनस्क्रीन, दिवसातून चार वेळा, सलग चार दिवस. ॲव्होबेंझोन, ऑक्सिबेंझोन, ऑक्टोक्रिलिन आणि एकॅमसूल हे चारही घटक रक्तात सापडले. २०२० मध्ये ४८ जणांवर सहा घटक घेऊन पुन्हा केलं, तेव्हाही सापडले.

पण निरोपात दोन गोष्टी गाळलेल्या असतात. एक म्हणजे सगळे घटक एका माळेचे मणी नाहीत. पहिल्या अभ्यासात ॲव्होबेंझोन मिलिलिटरमागे साधारण २ ते ४ नॅनोग्रॅम होतं आणि ऑक्सिबेंझोन १७० ते २१०. फरक बघा केवढा. दुसरी गोष्ट त्याच प्रशासनाने आखलेल्या ०.५ नॅनोग्रॅमच्या रेषेची. 'मर्यादा ओलांडली' अशी बोंब जिच्या नावाने होते, ती धोक्याची रेषा नाहीच. रक्तातलं प्रमाण तिच्याखाली राहिलं तर काही विषबाधा-चाचण्यांतून सूट मिळते. वर गेलं तर चाचण्या करून दाखवा, एवढाच तिचा अर्थ. अभ्यास करणाऱ्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की यावरून लोकांनी सनस्क्रीन सोडावं असा निष्कर्ष निघत नाही.

गाजराच्या तेलाबद्दल नंतर लिहितो, आधी पाणी पिऊन येतो.

संशयात्मा

बाष्प, माहिती उत्तम, पण शेवटी तुम्ही सफाईने निसटलात. 'चाचण्या करून दाखवा' म्हणजे इतकी वर्षं केल्याच नव्हत्या ना? त्याच प्रशासनाने २०१९ मध्ये १६ घटकांची वर्गवारी मांडली. सुरक्षित आणि परिणामकारक म्हणून दोनच मान्य : झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड. दोन थेट नापास. उरलेल्या १२ बद्दल शेरा काय, तर माहिती अपुरी. शोधलंच नाही तर सापडणार कसं? अशा वेळी तेरा वर्षांच्या मुलीची आई घाबरली तर तिला अडाणी ठरवू नका.

आणि युरोपबद्दल कुणीच बोलत नाही. तिथल्या शास्त्रीय समितीने २०२१ मध्ये ऑक्सिबेंझोनचं ६% प्रमाण अंगभर लावायला सुरक्षित नाही असं मत दिलं. मग नियम बदलला आणि अंगाला लावायच्या उत्पादनांत मर्यादा २.२% वर आली. उगाच आणली का?

मोरपीस७

संशयात्मा, धन्यवाद. म्हणजे मी अगदीच मूर्ख नाही तर!

वायफळ

मोरपीसताई, संशयात्म्याने तुमची बाजू घेतली म्हणून लगेच खूश होऊ नका. ते उद्या तलावाच्या पाण्यावर धागा काढतील.

बाष्प

संशयात्मा, निसटलो नाही, दमलो होतो. तुमचे दोन्ही मुद्दे बरोबर आहेत. फक्त 'माहिती अपुरी' आणि 'धोकादायक' यांच्यातली रेघ पुसू नका. अमेरिकेत हे घटक औषध म्हणून मोजले जातात, त्यामुळे औषधाला लागते तेवढी कागदपत्रं मागतात. ते रास्तच आहे. यातले बहुतेक फिल्टर (म्हणजे ऊन अडवणारे घटक) बाजारात आले तेव्हा कातडीवरचं कातडीवरच राहतं असं सगळे धरून चालत. ते गृहीतक चुकीचं ठरलं, हे मान्य.

युरोपचं म्हणाल तर त्यांनी ऑक्सिबेंझोन हाकलून दिलं नाही. चेहरा, हात आणि ओठांच्या उत्पादनांत ६% चालतं. अंगभर थापलं की एकूण मात्रा वाढते म्हणून तिथे कात्री लावली. होमोसॅलेटला उलट चेहऱ्यापुरतंच ठेवलं, कमाल ७.३४%. आणि ४-मिथाइलबेंझिलिडिन कॅम्फर नावाच्या फिल्टरवर तर सरळ बंदी आणली, त्याचा थायरॉइड आणि इस्ट्रोजेनशी संबंध दिसला म्हणून. म्हणजे चाळणी चालू आहे. काही खडे निघाले, पण म्हणून धान्याचं पोतं कुणी नदीत टाकत नाही.

हार्मोन्सची भीती मुख्यतः ऑक्सिबेंझोनमुळे पसरली. २००१ मध्ये उंदरांच्या पिल्लांना ते खाद्यातून दिलं आणि त्यांच्या गर्भाशयाचं वजन वाढलं. मात्रा प्रचंड होती आणि दिलं होतं पोटातून. माणसांत तसा परिणाम सिद्ध झालेला नाही. तरीसुद्धा माझं मत विचाराल तर अंगभर लावायच्या सनस्क्रीनमध्ये ऑक्सिबेंझोन नसलेलंच घ्या. इतर पर्याय असताना रक्तात सगळ्यात जास्त उतरणारं कशाला निवडायचं?

संशयात्मा

हे शेवटचं वाक्य वर लिहिलं असतंत तर माझा प्रतिसाद लिहायचा वाचला असता.

धुणीभांडी

अवांतर : सनस्क्रीन लावायला लागल्यापासून पांढऱ्या कपड्यांच्या गळ्याशी आणि टॉवेलांवर गंजासारखे नारिंगी डाग पडतात. ब्लीचमध्ये घातले तर आणखी गडद झाले! हे आणखी कुणाचं होतं का, की आमच्याच मशीनला गंज चढलाय?

मोरपीस७

अगं बाई, आमचा पोहायचा पांढरा टॉवेल! दोन वर्षं मी तलावाच्या कठड्याला दोष देतेय.

बाष्प

मशीन निर्दोष आहे, कठडाही. हे ॲव्होबेंझोनचं काम. पाण्यात लोह असलं की त्याच्याशी जोडी जमवून ते नारिंगी रंग देतं. ब्लीचने डाग पक्का होतो. गंज काढायला जे वापरतात ते वापरा, म्हणजे सायट्रिक आम्लाचं पाणी. आधी कोपऱ्यावर करून बघा. धुवायच्या आधी तो भाग साध्या लिक्विड साबणाने चोळून तेलकटपणा काढला तर डाग पडायचंच कमी होतं.

त्वचेखाली

त्वचारोगतज्ज्ञ आहे, पण इथे वाचक म्हणूनच येते, तपासल्याशिवाय औषध सांगत नाही.

या चर्चेत एक गोष्ट राहून गेली. सनस्क्रीनने नक्की फायदा होतो याचा सगळ्यात भक्कम पुरावा कुठला? ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या नॅम्बूर गावचा. १९९२ ते १९९६, सोळाशेच्या वर माणसं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एकाने रोज सनस्क्रीन लावायचं, दुसऱ्याने मनाला येईल तेव्हा. रोजवाल्या गटात स्क्वेमस पेशींचा त्वचेचा कर्करोग सुमारे ४०% कमी झाला. पुढे अनेक वर्षं माग काढला तेव्हा मेलानोमा (त्वचेचाच, पण जास्त घातक कर्करोग) रोजवाल्यांत ११ आणि दुसऱ्या गटात २२. त्वचा म्हातारी होण्याचा वेगही रोजवाल्यांत मंद निघाला.

आता गंमत ऐका. त्यांना दिलेलं सनस्क्रीन झिंकचं नव्हतं. ८% ऑक्टिनॉक्सेट आणि २% ॲव्होबेंझोन, एसपीएफ १५ च्या पुढचं. मोरपीसताई, तुमच्या यादीत ही दोन्ही नावं असणार, खात्रीने सांगते.

त्या गावातली माणसं बहुतांशी गोरी, त्यामुळे कर्करोगाचे आकडे सावळ्या त्वचेला जसेच्या तसे लावता येत नाहीत. आपल्यासारख्यांत तो धोका बराच कमी असतो. माझ्याकडे सावळी माणसं येतात ती वांग, काळे डाग आणि उन्हाच्या ॲलर्जीसाठी.

सावळी_सावली

त्वचेखाली यांच्या शेवटच्या वाक्यावर बोलायलाच हवं, कारण वांगाने मला सहा वर्षं रडवलं.

दुसऱ्या बाळंतपणानंतर गालांवर डाग आले. एसपीएफ ५० लावत होते, नेमाने, दर दोन तासांनी. फरक शून्य. दोन ठिकाणी दाखवलं, दोन्हीकडे 'नीट लावत नसाल' हेच उत्तर. तिसऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, 'सनस्क्रीनला रंग आहे का?' मला वाटलं मेकअपबद्दल बोलताहेत. मग त्यांनी समजावलं. सावळ्या त्वचेत नुसते अतिनील किरण नाही, तर डोळ्यांना दिसणारा उजेडही, विशेषतः निळ्या-जांभळ्याकडचा, डाग गडद करतो. बिनरंगी सनस्क्रीन, केमिकल असो वा झिंक, तो फारसा अडवत नाही. तो अडवतं आयर्न ऑक्साइड, म्हणजे रंगीत सनस्क्रीनमधलं पिवळं, तांबडं आणि काळं रंगद्रव्य. तेव्हापासून रंगीत लावते. डाग गेले नाहीत, पण उन्हाळा आला की उसळी मारायचे ते थांबलं.

केमिकल की मिनरल या भांडणात आमच्यासारख्यांचा प्रश्न कुणाच्या खिजगणतीतच नसतो, म्हणून लिहिलं.

चिमणघर

+१ सावळी_सावली. आणि खिडकीशी बसून काम करणाऱ्यांनो, अतिनील किरणांतला यूव्हीबी काचेत अडतो, यूव्हीए बराचसा आत येतो. माझ्या खिडकीकडच्या गालावर डाग जास्त आहेत. सहज आरशात बघा.

रात्रपाळी

आत्ता आरशात बघून आलो. नसते उद्योग.

गाजरपारखी

माझ्या प्रतिसादाला सगळ्यांनी बगल दिली. तेलाचं काय? आणि झिंक तरी नैसर्गिक आहे की नाही? ते आरशासारखं ऊन परत पाठवतं, शरीरात काही जात नाही, एवढं तरी मान्य करा.

बाष्प

गाजरपारखी, बगल नाही, रांग होती.

कुठलंही खाद्यतेल किंवा बियांचं तेल यूव्हीबी नाममात्र शोषतं. एसपीएफ माणसाच्या पाठीवर मोजतात : दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावायचं, ठरावीक किरण सोडायचे, लाली यायला किती जास्त डोस लागतो ते बघायचं. त्या परीक्षेत गाजराच्या बियांच्या तेलाला ४० सोडा, ४ मिळाले तरी पेढे वाटा. तेल लावून दुपारी पोहायला पाठवलं तर पोरगी भाजून निघेल.

झिंकच्या आरशाची गोष्ट तर आम्हीसुद्धा वर्षानुवर्षं सांगत होतो. खोटी निघाली. सूक्ष्म कणांचं झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड अतिनील किरणांचा जेमतेम ५% भाग परत फेकतं. उरलेलं काम ते केमिकलवाल्यांसारखंच, किरण शोषून घेऊन करतं. म्हणजे 'केमिकल' आणि 'फिजिकल' ही नावंच दिशाभूल करतात. खरा भेद सेंद्रिय रेणू आणि खनिज कण हा. झिंक कातडीच्या मृत थरावरच बसून राहतं, हे मात्र तुमचं बरोबर. म्हणूनच ते मान्य यादीत आहे. फक्त खनिजांचा स्प्रे किंवा पावडर टाळा, कण श्वासातून आत जायला नकोत.

वायफळ

शोषून घेतात म्हणजे ते किरण जातात कुठे? आत साठतात आणि रात्री अंग चमकतं का?

बाष्प

रेणू किरण गिळतो, त्यातला इलेक्ट्रॉन क्षणभर वरच्या पायरीवर उडी मारतो आणि खाली येताना ती ऊर्जा उष्णता म्हणून सोडतो. ही उष्णता इतकी किरकोळ की उन्हाच्या मूळ उकाड्यात तिचा पत्ताही लागत नाही. पुन्हा उडी मारायला रेणू तयार. काही रेणू मात्र उडीत तंगडी मोडून घेतात. ॲव्होबेंझोन त्यातलंच, उन्हात एकटं ठेवलं की विस्कटतं. शेजारी ऑक्टिनॉक्सेट असेल तर आणखी लवकर. म्हणून त्याला ऑक्टोक्रिलिन किंवा बेमोट्रायझिनॉलचा आधार देतात.

या बेमोट्रायझिनॉलबद्दल लिहायचं राहिलंच होतं. कातडीतून आत शिरायचं तर रेणू लहान हवा. ५०० डाल्टनच्या (रेणूच्या वजनाचं माप) वर गेला की शिरकाव अवघड, असा ढोबळ ठोकताळा आहे. ऑक्सिबेंझोन २२८, ऑक्टिनॉक्सेट २९०, ॲव्होबेंझोन ३१०. बेमोट्रायझिनॉल सुमारे ६२८, बायसॉक्ट्रिझोल ६५९. शिवाय ते उन्हात टिकतात आणि यूव्हीए-यूव्हीबी दोन्ही सांभाळतात. संशयात्मा, तुमच्यासारख्यांसाठीच बनवलेत म्हणा ना.

सागरतळ

मी पाणबुडा (स्कूबावाला), त्यामुळे माझं दुखणं वेगळं. अमेरिकेच्या हवाई राज्याने २०१८ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २०२१ पासून ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनची विक्री बंद केली. पलाऊ या प्रशांत महासागरातल्या बेटांच्या देशाने त्याच्याही वर्षभर आधी. कारण प्रवाळ. प्रयोगशाळेत ऑक्सिबेंझोनने प्रवाळांच्या पिल्लांचं नुकसान झालेलं दिसलं होतं.

पण आमच्या मंडळींतला खोटा अभिमानही सांगतो. 'रीफ सेफ' लिहिलेली ट्यूब घेतली की समुद्र वाचवला असं वाटायला लागतं. त्या दोन शब्दांची एकच पक्की व्याख्या नाही, ज्याला वाटेल तो छापतो. प्रवाळ पांढरे पडताहेत ते मुख्यतः समुद्र तापल्यामुळे. मी स्वतः लांब बाह्यांचा, गळाबंद पोहण्याचा शर्ट घालतो. यूपीएफ (कापडाचा एसपीएफ म्हणा) ५० म्हणजे अतिनील किरणांचा पन्नासातला एकच भाग आत. उरला चेहरा आणि पंजे, तेवढ्यालाच क्रीम. मोरपीसताई, मुलीला तो का नाही घेत? वर कितीही डाल्टन मोजा, कापड रक्तात उतरत नाही.

मोरपीस७

सुचलंच नव्हतं. पण शर्टाने वेग कमी होतो म्हणून प्रशिक्षक नाही म्हणतील.

सागरतळ

सरावात पाण्याचा अडथळा वाढला तर बिघडलं कुठे? अडथळ्यासाठी मुद्दाम छत्र्या बांधून पोहतातच की. स्पर्धेच्या दिवशी शर्ट काढायचा.

निवृत्त_मास्तर

उशिरा आलो, पण माझा किस्सा ऐका. गुडघेदुखीसाठी कीटोप्रोफेनचं जेल चोळत होतो. सकाळी फिरायला जाताना सूनबाई आग्रहाने सनस्क्रीन लावायला लावते, चेहऱ्याला आणि पायांनाही. आठवड्याभरात गुडघे आणि कपाळ एकदमच पेटले, पाणी भरलेले फोड. मी दोष दिला सूनबाईंना. घरात दोन दिवस अबोला. डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या चिकटवून तपासलं तेव्हा कळलं की जेलने उन्हाची ॲलर्जी जागी केली आणि सनस्क्रीनमधल्या ऑक्टोक्रिलिनलाही शरीर तसंच बिथरलं. जेल बंद, सनस्क्रीन बदललं, सूनबाईंची माफी मागितली. यातलं तिसरं सगळ्यात जड गेलं.

त्वचेखाली

मास्तर, अगदी नेमकं निदान झालं तुमचं. कीटोप्रोफेनची ॲलर्जी असलेल्यांत ऑक्टोक्रिलिन आणि ऑक्सिबेंझोनची प्रतिक्रिया बऱ्याचदा दिसते. ऑक्सिबेंझोनच्या बेंझोफेनोन कुळाला तर अमेरिकेतल्या संपर्क-ॲलर्जीच्या संस्थेने २०१४ चा 'वर्षाचा ॲलर्जेन' ठरवलं होतं. रक्तातल्या नॅनोग्रॅमची चर्चा भरपूर होते, पण माझ्या टेबलापाशी प्रत्यक्षात येणारा त्रास हाच : पुरळ, डोळ्यांची चुरचुर, मुरुमं.

शेंडेफळ

आमचं बाळ चार महिन्यांचं आहे. त्याला कुठलं लावू?

त्वचेखाली

कुठलंच नाही. सहा महिन्यांपर्यंत सावली, टोपी आणि अंगभर सुती कपडे. वजनाच्या मानाने त्यांची कातडी फार, म्हणून मात्राही जास्त पडते.

संशयात्मा

बेंझिनचं कुणी काढलं नाही. २०२१ मध्ये काही सनस्क्रीन स्प्रे कंपन्यांना बाजारातून परत घ्यावे लागले, आत बेंझिन सापडलं म्हणून. कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेलं आहे ते.

बाष्प

खरं आहे. पण तो सनस्क्रीनचा घटक नव्हता, भेसळ होती. संशय मुख्यतः डब्यातून फवारा उडवणाऱ्या वायूवर होता. परत घेतलेली उत्पादनंही मुख्यतः स्प्रेच होती. हा कारखान्यातला निष्काळजीपणा, फिल्टरचा गुण नव्हे. त्याच वर्षी दुसरंही बाहेर आलं : ऑक्टोक्रिलिन असलेली ट्यूब जुनी होत जाते तसं तिच्यात बेंझोफेनोन वाढतं. म्हणून मागच्या उन्हाळ्यातली, गाडीत तापलेली अर्धी ट्यूब यंदा वापरू नका. काटकसर इतरत्र करा.

हिशेबनीस

सगळे तज्ज्ञ तुटून पडले, पण साधी गोष्ट कुणीच विचारली नाही. मुलगी पोहते किती वाजता?

मोरपीस७

शाळा असते तेव्हा सकाळी सहा ते आठ. सुट्टीत दहा ते बारा.

हिशेबनीस

मग अर्धा प्रश्न इथेच मिटला. यूव्ही निर्देशांक ३ च्या खाली असेल तर जागतिक आरोग्य संघटनाही विशेष संरक्षण सांगत नाही. हवामानाच्या ॲपमध्ये तासातासाचा दिसतो. ॲप नको असेल तर सावली बघा. ती आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर ऊन कोवळं, आखूड झाली की जपायचं. सहा ते आठमध्ये बहुतेक दिवस काही लावायची गरजच पडणार नाही. सुट्टीतले दहा ते बारा तेवढे खरे. ते कातडं सोललं तेही सुट्टीतच ना?

मोरपीस७

हो! सुट्टीतच!! मी शाळेच्या दिवसांतही पहाटे साडेपाचला तिच्या मागे ट्यूब घेऊन धावत होते.

वायफळ

हिशेबनिसांना सत्कार, शाल, श्रीफळ. मोठ्ठ्या सावलीत उभं करून.

त्वचेखाली

हिशेबनीस, छान. दहा ते बाराबद्दल थोडं सांगते. ट्यूबवर पाण्यात टिकतं असं लिहिलं तरी ते ४० किंवा ८० मिनिटांपुरतंच तपासलेलं असतं. दोन तासांच्या सरावात एकदा बाहेर येऊन, पुसून, पुन्हा लावावंच लागेल. आणि मोरपीसताई, ती लावते किती?

मोरपीस७

आत्ताच विचारलं. दोन्ही हात, पाठ आणि चेहरा मिळून 'हरभऱ्याएवढं' म्हणाली. वर म्हणते, 'ट्यूब संपली तर तूच ओरडतेस.'

त्वचेखाली

बघा, इथे गाडं अडलंय! चेहरा आणि मानेलाच दोन बोटांच्या लांबीएवढ्या दोन रेघा लागतात. मोठ्या माणसाच्या अख्ख्या अंगाला साधारण ३५ मिलि. हरभऱ्यात एसपीएफ ५० चा नुसता वास येतो. झिंक असो, केमिकल असो, एवढंसं लावल्यावर कुठलंच सनस्क्रीन छापलेला आकडा देणार नाही. आणि जे लावायला आवडत नाही ते नेहमी हरभऱ्याएवढंच लावलं जातं. म्हणून मी पेशंटला विचारते, कुठलं चिकट, पांढरं न वाटता रोज लावाल? तेच घ्या.

संशयात्मा

हे पटलं. पण एक नोंद राहू द्या : भरपूर लावा म्हणायचं आणि अंगभर लावल्यावर किती शोषलं जातं ते तपासायचं काम मात्र लांबणीवर टाकायचं, यावर माझा आक्षेप कायम आहे. माझ्या पोराला मी शर्ट घेणार आणि चेहऱ्याला बाष्प म्हणतात ते मोठ्या रेणूवालं.

बाष्प

आणि हा आक्षेप मला मान्य आहे. दिवस लिहून ठेवा, आपलं एकमत झालं.

गाजरपारखी

मी तेलच लावणार. पण दुपारी बाहेर पडणार नाही. चालेल?

बाष्प

दुसऱ्या वाक्यामुळे चालेल.

मोरपीस७

सगळ्यांचे आभार. अपडेट देते.

जुन्या ट्यूबचं खोकं कपाटात सापडलं. आत ॲव्होबेंझोन, ऑक्टोक्रिलिन आणि होमोसॅलेट. ऑक्सिबेंझोन नाहीच. एक्स्पायरी मात्र चार महिन्यांपूर्वी उलटलेली! म्हणजे फेकली ते बरोबर केलं, पण चुकीच्या कारणासाठी. नवीन घेतलं ते बेमोट्रायझिनॉलवालं, रंग नसलेलं. लांब बाह्यांचा शर्टही आणला. प्रशिक्षक काहीच बोलले नाहीत. उलट दुसऱ्या दोन आयांनी कुठून घेतला ते विचारलं. सकाळच्या सरावाला काही लावत नाही, सुट्टीत मध्ये एकदा बाहेर बोलावून पुन्हा लावते. ती डोळे फिरवते, पण लावून घेते.

ग्रुपवर मी हे सगळं नीट लिहून पाठवलं. मावशीने गुलाबाचं फूल पाठवलं.

धुणीभांडी

आणि टॉवेल?

मोरपीस७

सायट्रिक आम्लात दोन तास भिजवला. डाग फिका झाला, पार गेला नाही. नवा घेऊ म्हटलं तर लेक म्हणाली, राहू दे, बाकी सगळ्यांचे टॉवेल सारखे दिसतात, माझा लांबून ओळखू येतो.